लहान-मोठी कासवं एकाच टँकमध्ये: तयार पार्टिशन कितपत कामाचं?

सक्शन कपवर बसणारं, भोकं पाडलेलं अ‍ॅक्रिलिकचं पार्टिशन मुळात माशांसाठी बनलं. भांडणारे मासे वेगळे ठेवायचे, पिल्लं वाचवायची, एवढंच त्याचं काम. आता तेच पार्टिशन लहान-मोठी कासवं एका टँकमध्ये ठेवण्यासाठी सर्रास विकलं जातं. आमचं मत आधीच सांगतो. दोन्ही बाजूंना दहा सेंटिमीटरच्या आतली कासवं असतील तर ते चालतं. एका बाजूला पूर्ण वाढलेलं स्लायडर (रेड इअर्ड स्लायडर हे घरोघरी पाळलं जाणारं पाणकासव) आणि दुसऱ्या बाजूला पिल्लू असेल तर ते जसं येतं तसं लावू नका. नीट बदल केले तर उपयोगी पडतं, पण तेही ठरावीक काळापुरतं.

मुळात पार्टिशनची गरज का पडते ते बघू. अंड्यातून नुकतं बाहेर पडलेलं रेड इअर्ड स्लायडर जेमतेम तीन सेंटिमीटरचं असतं. पूर्ण वाढलेला नर १५ ते २० सेंटिमीटर, मादी २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत जाते. (ही मापं कवचाच्या सरळ लांबीची. वळणावरून टेप फिरवून घेतलेलं माप जास्त भरतं, म्हणून दोन टोकांमधलं सरळ अंतर मोजणारा कॅलिपर वापरावा.) कासवाला दात नसतात, पण चोचीची धार चांगलीच तिखट असते. घास तोंडात धरायचा आणि पुढच्या पायांच्या नखांनी ओढून फाडायचा, ही त्याची खाण्याची पद्धत. त्या तोंडात पिल्लाचं बोट किंवा शेपटी सापडली की तुकडाच पडतो. यामागे राग असायलाच हवा असं नाही. खाण्याच्या वेळी पाण्यात हलणारी कुठलीही छोटी गोष्ट मोठ्या कासवाला खाद्यच वाटते.

चावा निदान दिसतो तरी. न दिसणारं नुकसान जास्त होतं. लहान कासव ऊन खायला फळीवर चढतच नाही, चढलं तर मोठं त्याच्या अंगावर चढून बसतं. उरलंसुरलं खातं, दिवसभर फिल्टरच्या मागे दडून राहतं. काही आठवड्यांत वजन वाढायचं थांबतं, कवच बोटाला मऊ लागायला लागतं. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन पिल्लांतही हे होतं. एक जरा जास्त खातं, जरा मोठं होतं, मग मोठं असल्यामुळे आणखी जास्त खातं. आज सारख्या मापाची आहेत म्हणून उद्याही राहतील असं धरून चालू नका.

आता पार्टिशनकडे येऊ. सर्वांत कच्चा भाग म्हणजे सक्शन कप. नवीन असताना काचेला घट्ट चिकटतात. पण टँकच्या काचेवर चिकट थर येतो, पाण्याच्या रेषेवर क्षार जमतात आणि कपाचा मऊ प्लॅस्टिकचा ओठ हळूहळू कडक होतो. मग एखादा कप सुटतो, आणि एक सुटला की शेजारच्यांवर भार येऊन तेही सुटतात. माशांच्या टँकमध्ये यावर कोणी टेकतही नाही. एक-दोन किलोचं कासव मात्र मागचे पाय काचेला टेकवून पार्टिशनला कवचाने ढकलतं, आणि रोज ढकलतं. कप ठेवायचेच असतील तर दर १५ सेंटिमीटरला एक हवा, आणि महिन्यातून एकदा काढून पांढऱ्या व्हिनेगरने पुसून परत लावायला हवेत. मोठ्या कासवासाठी एवढं करूनही आम्ही कपांवर विसंबून राहणार नाही.

जाडी हा दुसरा मुद्दा. तयार पार्टिशनं बहुतेक वेळा तीन मिलिमीटर जाडीची असतात. ४५ सेंटिमीटर रुंदीच्या टँकमध्ये तीन मिलिमीटरचं अ‍ॅक्रिलिक मध्ये वाकतं, आणि वाकलं की कडेला फट पडते. इथे किमान सहा मिलिमीटर हवं. उंची पाण्याच्या वर १५ सेंटिमीटर तरी ठेवा, कारण कासवं चढतात. पार्टिशनजवळ फळी, दगड, हीटर असं काही असेल तर उंची पाण्यापासून न मोजता त्या वस्तूच्या माथ्यापासून मोजा.

खालची फट सर्वांत धोक्याची. तळाला वाळू किंवा खडी असेल तर मोठं कासव उकरतं, पार्टिशनखाली पोकळी होते आणि पिल्लू तिथे डोकं घालतं. कासव फुफ्फुसांनी श्वास घेतं, अडकून राहिलं तर पाण्यात राहणारा हा प्राणी बुडून मरतो. म्हणून पार्टिशनच्या टँकमध्ये तळ मोकळाच ठेवावा. दगड हवेच असतील तर मोठ्या कासवाच्या डोक्यापेक्षा मोठे, म्हणजे गिळले जाणार नाहीत. फळी, पाइप, फिल्टर यांच्या प्रत्येक फटीला हाच नियम लावा: फट एकतर पिल्लाचं डोकंही शिरणार नाही इतकी लहान हवी, नाहीतर सर्वांत मोठं कासव आत जाऊन सहज वळेल इतकी मोठी. मधली फट ठेवू नका.

पारदर्शकपणा हा विकताना गुण म्हणून सांगितला जातो. कासवांच्या बाबतीत तो दोष आहे. पलीकडचं दिसतं पण तिथे जाता येत नाही, म्हणून दोघंही पार्टिशनला नाक लावून तासन्‌तास पाय मारत राहतात. मोठं पिल्लाच्या हालचालीवर झेपावतं, पिल्लू सतत दबून राहतं. नर असेल तर तो पार्टिशनसमोर पुढची लांब नखं थरथरवत बसतो. दुधी किंवा गडद रंगाचं अपारदर्शक अ‍ॅक्रिलिक घेतलं तर हा प्रकार बराच कमी होतो. पारदर्शक घेऊन झालं असेल तर पार्टिशनच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या रोपांची दाट रांग लावा. खरी रोपं मोठं स्लायडर खाऊन टाकेल.

भोकांबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण टँकचं पाणी त्यांच्यावर अवलंबून असतं.

कासवाचा टँक माशांच्या टँकपेक्षा खूप जास्त घाण होतो. विष्ठा, खाद्याचे तुकडे आणि कवचावरून सुटणारे पातळ पापुद्रे असं सगळं पाण्यात फिरतं. हे पापुद्रे सपाट आणि चिवट असतात, ते भोकांवर जाऊन झाकणासारखे बसतात. कॅनिस्टर फिल्टरचं (टँकबाहेर ठेवायच्या, नळ्यांनी जोडलेल्या डब्याच्या फिल्टरचं) पाणी ओढणारं तोंड एका बाजूला आणि पाणी सोडणारं दुसऱ्या बाजूला असेल (तसंच असायला हवं, नाहीतर एका बाजूचं पाणी फिरणारच नाही), तर भोकं बुजल्यावर ओढणाऱ्या बाजूची पातळी उतरते आणि सोडणाऱ्या बाजूची चढते. ४५ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर खोल पाण्यात दोन बाजूंत फक्त पाच सेंटिमीटरचा फरक पडला तरी पार्टिशनवर आठ-नऊ किलोचा जोर येतो. सक्शन कप तिथेच सुटतात. शिवाय उतरलेल्या बाजूला हीटर असेल तर तो उघडा पडून तापतो आणि त्याची काच तडकते.

माशांच्या पार्टिशनला असतात तेवढी मोजकी भोकं इथे पुरत नाहीत. सहा मिलिमीटरची भोकं, एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १५ मिलिमीटर अंतर, अशी जाळी सगळीकडे पाडली की साधारण साडेबारा टक्के भाग मोकळा मिळतो. तेवढा पुरतो. तळाजवळची तीन-चार सेंटिमीटरची पट्टी सोडू नका, घाण तिथेच साठते. भोकाच्या कडा दोन्ही बाजूंनी घासून गुळगुळीत करा, नाहीतर पिल्लाची बोटं आणि मानेची कातडी सोलवटते. पाण्याच्या रेषेच्या दोन सेंटिमीटर वर आठ-दहा सेंटिमीटर लांबीची खाच पाडून तिला जाळी लावली तर भोकं बुजली तरी पाणी वरून वाहून जातं, पातळीत मोठा फरक पडत नाही. आम्ही पाहिलेल्या तयार पार्टिशनमध्ये ही खाच नव्हती, आणि आमच्या मते कासवांसाठीच्या पार्टिशनमध्ये ती नसणं हा मोठा दोष आहे.

पाण्याची दिशाही विचार करून ठरवा. ओढणारं तोंड मोठ्या कासवाच्या बाजूला, सोडणारं पिल्लाच्या बाजूला. मग स्वच्छ पाणी आधी पिल्लाकडे येतं आणि मोठ्याची घाण पार्टिशन ओलांडून पिल्लाकडे न येता थेट फिल्टरमध्ये जाते. पिल्लं मोठ्या कासवांइतकी दणकट पोहत नाहीत, म्हणून सोडणाऱ्या नळीला स्प्रे बार (भोकांची आडवी नळी) लावून त्याची तोंडं काचेकडे वळवा. फिल्टर टँकच्या लिटरपेक्षा दोन-तीन पट मोठ्या टँकसाठी बनलेला घ्या. दर आठवड्याला पाणी तपासा: अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४० भागांच्या) खाली. पार्टिशनच्या दोन्ही बाजूंचं पाणी वेगवेगळं तपासलंत तर भोकं बुजायला लागलेली लगेच कळतात, कारण आकडे जुळेनासे होतात.

आणखी एक अडचण आहे. सहा मिलिमीटरच्या भोकातून पिल्लाचं डोकं जात नाही, पण बोटं आणि शेपटीचं टोक जातं. पलीकडे मोठं कासव टपलेलंच असतं. बरेच जण अ‍ॅक्रिलिकऐवजी छतावरच्या दिव्यांना लावतात ती चौकोनी जाळी केबल टायने बांधून वापरतात. तिच्यातून पाणी उत्तम फिरतं, ती सहज बुजत नाही आणि हवी तशी कापता येते. पण तिची घरं सव्वा सेंटिमीटरच्या आसपास असतात, त्यामुळे लहान पिल्लाचं अख्खं डोकं पलीकडे जातं. शिवाय ती ठिसूळ असते, कापलेल्या कडा टोचतात, आणि मोठ्या कासवाच्या धडकेने काड्या तुटतात. दोन्हींवर उपाय एकच, दुहेरी भिंत. दोन पार्टिशनं तीन सेंटिमीटर अंतर सोडून लावा आणि वरून ती पोकळी पट्टीने बंद करा. एकाचं नाक दुसऱ्याच्या बोटांपर्यंत पोचत नाही. वरची पट्टी विसरू नका. उघड्या पोकळीत पिल्लू पडलं तर त्याला वर यायला जागा नसते.

बसवण्यासाठी सक्शन कप काढून टाका आणि काचेच्या खाचा करा. टँक पूर्ण रिकामा आणि कोरडा करायचा. दोन सेंटिमीटर रुंदीच्या, कडा घासलेल्या काचेच्या चार पट्ट्या घ्यायच्या, पुढच्या काचेला दोन, मागच्या काचेला दोन. दोन पट्ट्यांमध्ये आठ मिलिमीटर अंतर ठेवून त्या मत्स्यालयाच्या सिलिकॉनने चिकटवायच्या. बुरशीनाशक घातलेलं बाथरूमचं सिलिकॉन चालणार नाही. प्लॅस्टिकची पट्टी वापरायचा मोह होईल, पण सिलिकॉन अ‍ॅक्रिलिक आणि पीव्हीसीला नीट धरत नाही, काचेला काचच हवी. किमान ४८ तास, शक्यतो ७२ तास वाळू द्या. व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेला पाहिजे. पार्टिशनची रुंदी खाचेत दीड-दोन मिलिमीटर ढिली बसेल इतकीच कापा, म्हणजे साफ करायला वर ओढून काढता येतं. मग कासवं न सोडता दोन दिवस फिल्टर चालवून बघा. दोन्ही बाजूंच्या पातळीवर खूण करा आणि हाताने पार्टिशन दाबून बघा. हाताने हललं तर कासवानेही हलणार.

पार्टिशन कुठे लावायचं? बरोबर मध्ये लावलं की एकाला जागा कमी पडते. कवचाच्या दर सेंटिमीटरला साधारण १५ लिटर पाणी, हा ढोबळ हिशेब धरा. १५० × ६० सेंटिमीटरचा टँक, पाणी ४५ सेंटिमीटर, म्हणजे ४०५ लिटर. पार्टिशन एका टोकापासून ४० सेंटिमीटरवर लावलं तर लहान बाजूला १०८ लिटर, मोठ्या बाजूला २९७ लिटर. २० सेंटिमीटरच्या कासवाला ३०० लिटर लागतात, म्हणजे ती बाजू जेमतेम झाली. पाच सेंटिमीटरच्या पिल्लाला ७५ लिटर पुरतात. पण तेच पिल्लू आठ सेंटिमीटरचं झालं की त्याला १२० लिटर हवेत. चांगलं खाणारं स्लायडरचं पिल्लू तिथे पोचायला फार वेळ घेत नाही. पार्टिशन घेताना ही मुदत लक्षात घ्या. ४०५ लिटरचा टँकही या जोडीला साधारण वर्षभर पुरतो, पुढे दुसरा टँक लागणारच. ज्यांच्याकडे १२० सेंटिमीटरचा किंवा त्याहून लहान टँक आहे आणि मोठं कासव २० सेंटिमीटरचं आहे, त्यांनी पार्टिशन घेऊच नये. तो टँक त्या एकट्या कासवालाच कमी पडतोय.

आतल्या सोयीही दुप्पट कराव्या लागतात, हे पाकिटावर कुठे लिहिलेलं नसतं. ऊन खायची जागा दोन्हीकडे वेगळी, उष्णतेचा दिवा दोन्हीकडे वेगळा, फळीच्या पृष्ठभागाचं तापमान ३२ ते ३५ अंश. यूव्हीबीची (कवचासाठी लागणाऱ्या अतिनील किरणांची) लांब, बारीक टी-५ ट्यूब मात्र दोन्ही बाजूंवर पसरेल अशी एकच चालते. फळीपासून अंतर साधारण ३० सेंटिमीटर, ट्यूब वर्षभराने बदला आणि मध्ये काच किंवा प्लॅस्टिक ठेवू नका, यूव्हीबी त्यातून जात नाही. मोठ्या बाजूला तरंगती फळी नको. दोन किलोची मादी चढली की ती बुडते आणि तिचेही सक्शन कप सुटतात. टँकच्या वर बसणारी पेटी आणि चढायला खरखरीत उतार, हे मोठ्यासाठी योग्य. पिल्लाच्या बाजूला तरंगती फळी छान चालते. पाणी ४५ सेंटिमीटर खोल असल्यामुळे पिल्लाला मध्येच दम खायला लाकडाचा ओंडका किंवा प्लॅस्टिकच्या रोपांचा झुबका पृष्ठभागाजवळ हवाच. पाण्याचं तापमान दोघांना एकच मिळणार, म्हणून २६ अंशावर ठेवा. हीटर जाळीच्या आवरणातला घ्या, उघडी काच मोठं कासव फोडतं.

खाऊ घालताना पार्टिशनचा खरा फायदा दिसतो, आणि इथे आम्ही त्याला मनापासून पूर्ण गुण देतो. पिल्लाला रोज खाद्य लागतं आणि त्यात प्रथिनं जास्त हवीत. वाढलेल्या स्लायडरला एक दिवसाआड, आणि त्यात निम्म्याहून जास्त पालेभाज्या आणि पाणवनस्पती. एकत्र ठेवलेल्या टँकमध्ये हे अशक्य असतं, मोठं सगळं ओरपतं आणि लठ्ठ होतं. पार्टिशन असलं की प्रत्येकाला त्याच्या डोक्याच्या आकाराएवढं खाद्य मोजून देता येतं. फक्त खाऊ घालताना फिल्टर १५-२० मिनिटं बंद ठेवा, नाहीतर पिल्लाच्या गोळ्या प्रवाहाबरोबर भोकांवर जाऊन चिकटतात. नंतर तो सुरू करायला विसरू नका, फिल्टरमधले उपयुक्त जिवाणू वाहत्या पाण्यावर जगतात.

‘आजारी किंवा नवीन कासव वेगळं ठेवण्यासाठी’ हा विकताना केला जाणारा दावा मात्र साफ नाकारायला हवा. दोन्ही बाजूंचं पाणी एकच, फिल्टर एकच. श्वसनाचा संसर्ग असो की आतड्यातले कृमी, भोकं पाडलेलं पार्टिशन त्यांना अडवत नाही. नवीन कासव ६० ते ९० दिवस पूर्णपणे वेगळ्या टबात ठेवायचं. त्याची जाळी, बादली, फिल्टर वेगळं, आणि दरवेळी साबणाने हात धुवायचे. (हात तसेही धुवायचेच, निरोगी दिसणारी कासवंही माणसाला पोटाचा आजार देणारे साल्मोनेला जिवाणू बाळगतात. अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ पासून बंदी आहे ती यामुळेच.)

टँकच्या काचेला आतून लटकवायच्या जाळीच्या पिशव्या आणि छोट्या पेट्या याच गरजेसाठी विकल्या जातात. त्या घेऊ नका. त्यात वळायला जागा नसते, ऊन खायला फळी बसत नाही, आणि मोठं कासव जाळीबाहेरून पाय धरून ओढतं.

जाती वेगळ्या असतील तर पार्टिशनही सगळं सांभाळून घेत नाही. मस्क कासव पूर्ण वाढूनही आठ ते तेरा सेंटिमीटरचं राहतं आणि तळाने चालतं, त्याला स्लायडरइतकं खोल पाणी सोयीचं नसतं. स्नॅपिंग आणि सॉफ्टशेल (मऊ कवचाची) या जातींच्या कासवांच्या शेजारी तर कोणीच नको, त्यांची मान लांब जाते आणि जबडा पार्टिशनची कड फोडू शकतो.

पिल्लू मोठं झाल्यावर पार्टिशन काढायचा विचार असेल तर आधी पुढच्या गोष्टी बघा. जात एकच हवी, दोन्ही माद्या असाव्यात, लहानीचं कवच दहा सेंटिमीटरच्या वर आणि मोठीच्या कवचाच्या तीन चतुर्थांशाहून कमी नको. नर-मादी किंवा दोन नर असतील तर पार्टिशन राहू द्या. काढायचं ते खाऊ घातल्यानंतर, आणि आधी टँकमधल्या वस्तूंच्या जागा बदलून, म्हणजे कोणाचाही कोपरा ठरलेला राहत नाही. पहिला तासभर समोर बसा. नुसतं वास घेणं ठीक. पाठलाग, तोंड उघडून अंगावर जाणं, शेपटीकडे वळणं, फळीवरून खाली ढकलणं यातलं काही दिसलं की पार्टिशन लगेच परत खाचेत. सगळं शांत असलं तरी दोन्ही कासवांचं वजन दर आठवड्याला डिजिटल काट्यावर घेऊन लिहून ठेवा. लागोपाठ दोन आठवडे लहानीचं वजन वाढलं नाही किंवा घटलं, तर चावा दिसला नाही तरी त्यांचं जमत नाहीये.

चावा बसलाच तर जखमी कासवाला लगेच वेगळं करून कोरड्या, उबदार टबात ठेवा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून जखम धुवा, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या. तोवर दिवसातून एक-दोनदा अर्धा तास स्वच्छ, उथळ पाण्यात सोडा, कारण स्लायडर पाण्यातच खातं-पितं, आणि दर वेळी परत टबात ठेवण्याआधी जखम टिपून कोरडी करा.